मधलं घर

मांजर कपाटाखालून बाहेर आलं, सतरंजीच्या कडेशी क्षणभर थांबलं, आणि रोजचीच वाट असावी तसं चालत जाऊन पाहुण्या बाईच्या मांडीवर चढलं. एकदा स्वतःभोवती फिरलं आणि बसलं. ती स्वयंपाकघराच्या दारात ट्रे घेऊन उभी होती. ट्रेमधले कप किणकिणलेसुद्धा नाहीत. फक्त बरगडीच्या आत कुणीतरी चिमटा काढावा आणि सोडायला विसरावं, तसं झालं. “अय्या!” पाहुणी म्हणाली, “ही तर चांगली माणसाळलेली आहे की! तुम्ही फोनवर म्हणालात, हात लावू देत नाही म्हणून.”

म्हणाली होती खरी, आणि ते खोटं नव्हतं. थंडी सुरू होताना मेट्रननं हे मांजर टोपलीत घालून आणून दिलं, तेव्हा ते मांजर कमी आणि फुत्कार जास्त होतं. मेट्रन म्हणजे इस्पितळातून निवृत्त झालेली नर्स. माणसांची शुश्रूषा संपल्यावर तिनं मांजरांची हातात घेतली होती. गॅरेजमधून, गटाराच्या काठावरून, बंद दुकानाच्या शटरमागून उचलून आणलेली मांजरं डॉक्टरकडून शिवून-सांधून घ्यायची आणि त्यांना कायमचं घर मिळेपर्यंत कुणाकुणाच्या घरी ठेवायची, हा तिचा उद्योग. असल्या घरांना ती ‘मधलं घर’ म्हणायची. “मधल्या घराचं काम एकच,” मेट्रन दारातच, चप्पल न काढता म्हणाली होती, “त्याची माणसाची भीती घालवायची आणि देऊन टाकायचं. जीव लावायचा, पण चिकटवायचा नाही. कळलं का गं पोरी? आणि कुणाला द्यायचं, कुणाला नाही, यात मधल्या घराचा शब्द शेवटचा. मी मध्ये बोलणार नाही.” तिनं मान हलवली होती. मान हलवायला काय लागतं?

मांजर न्हाणीघरात वॉशिंग मशीनच्या मागे शिरलं ते शिरलंच. मग तिचे दिवस त्या मशीनभोवती फिरू लागले. वास्तुविशारदाच्या ऑफिसात ती अर्धा दिवस पार्किंगचे नकाशे काढायची, उरलेला अर्धा लेकीचा, बबडीचा, आणि या दोन अर्ध्यांच्या सांध्यात जी फट राहायची तिच्यात ती न्हाणीघराच्या गार फरशीवर बसून मांजराशी बोलायची. काय बोलायची ते तिला कुणी विचारलं असतं तर लाज वाटली असती. कुठल्या गाडीला वळायला किती जागा लागते. नवऱ्यानं ओला टॉवेल पुन्हा पलंगावर टाकला. साहेबांना नकाशात खांब दिसत नाहीत, नुसत्या गाड्या दिसतात. मशीनमागून उत्तर यायचं नाही. दोन हिरवे ठिपके मात्र असायचे, आणि तिला हळूहळू वाटू लागलं की तिचं इतकं ऐकून घेणारं या घरात दुसरं कुणी नाही. मग कधीतरी त्यानं तिच्या बोटावरचं अंड्याचं पिवळं चाटलं. खरखरीत, लहानसं, ओलं. मग ते बाहेरच्या खोलीतल्या कपाटाखाली राहायला आलं. मग एका सकाळी तिला जाग आली तेव्हा पायावर काहीतरी ऊब होती. ती हलली नाही. गजर वाजून थांबला, नवरा हाक मारून गेला, पाऊल बधिर झालं, ऑफिसला उशीर झाला. साहेबांना तिनं बबडीला ताप असल्याचं सांगितलं. खरं काय ते तिनं कुणालाच सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर ते सगळ्यांचं झालं असतं. पण मांडीवर? मांडीवर कधीच नाही. मांडी करून बसलं की ते लांबूनच बघायचं, एखाद्या सामानाकडे बघावं तसं.

आणि आता ही. दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर बसणारी, मोठ्या आवाजाची, मोठ्या हाडाची बाई. मनातल्या मनात तिनं तिचं नाव ‘दातवाली’ ठेवून टाकलं. दातवाली चहा पीत स्वतःच्या इमारतीच्या लिफ्टबद्दल बोलत होती, लिफ्ट कशी दोन मजल्यांच्या मध्येच थांबते आणि लोक कसे आतून तिच्याच नावानं ओरडतात, जणू लिफ्टचीही अपॉइंटमेंट तीच देते. बोलता बोलता तिचा हात मांजराच्या पाठीवरून फिरत होता, न बघता, पदराशी चाळा करावा तसा. आणि मांजर घुरघुरत होतं. तो आवाज तिनं या घरात पहिल्यांदाच ऐकला. बबडी दातवालीच्या गुडघ्याशी उकिडवी बसून म्हणाली, “आई, म्याऊच्या पोटात मशीन आहे!” दातवाली हसली, मांजर हललंसुद्धा नाही. “लवंग म्हणेन मी हिला,” दातवाली म्हणाली, “रंग बघा ना. आमच्या दवाखान्यात तोच वास असतो दिवसभर.” नाव चांगलं होतं. हेच तर वाईट होतं. मांजराला शोभणारं, ओठांवर सोपं, तिला इतक्या दिवसांत न सुचलेलं.

दातवाली गेल्यावर ती आरशासमोर उभी राहिली. गाऊनच्या आत तिच्या मांड्या सडपातळ होत्या. बबडी झाल्यावरसुद्धा फारशा भरल्या नाहीत म्हणून मैत्रिणी तिचा हेवा करायच्या. आज पहिल्यांदा तिला त्या मांड्या एखाद्या स्टुलासारख्या दिसल्या. म्हणजे एवढंच होतं? जागा रुंद आणि गरम असली की झालं? मग ती फरशी, ते अंडं, ते सगळं बोलणं कुणाच्या खात्यात जमा झालं? एका दुपारच्या चहाला आलेली बाई आयत्या बिळावर येऊन बसली, आणि मांजर तिच्यावर.

मेट्रनची आणखी एक पद्धत होती. मांजर न्यायच्या आधी आठवडाभर, नेणाऱ्या माणसानं अंगातला, न धुतलेला कपडा मधल्या घरी ठेवायचा. मांजरानं त्यावर झोपायचं. नवं घर आधी नाकातून आत जातं, मग पायांनी, असं मेट्रन म्हणायची. दातवालीनं जाताना अंगातला स्वेटरच काढून दिला. मोहरीच्या रंगाचा, कोपरांवर विरलेला. “घ्या, दिवसभर अंगात होता. घामाबिमाचं काही वाटून घेऊ नका,” म्हणाली आणि पातळ ब्लाउजवर, गारठत, जिना उतरून गेली. तिनं वरून बघितलं. दातवालीनं रस्ता ओलांडताना दोन्ही हात काखेत घातले होते. तिनं खिडकी लावून घेतली, स्वेटर प्लास्टिकच्या पिशवीत कोंबला, पिशवीची घट्ट गाठ मारली आणि ती कपाटाच्या माथ्यावर, इस्त्रीच्या मागे ढकलली. मांजराच्या गादीवर तिनं स्वतःचा जुना गाऊन अंथरला. हे करताना तिचे हात इतके सहज चालले की जणू ती रोजची आवराआवरच करत होती.

दातवालीचा रोज संध्याकाळी मेसेज यायचा. ‘झोपली का लवंग माझ्या स्वेटरवर?’ ती उत्तर द्यायची, ‘हो.’ मग दातवालीकडून हसऱ्या चेहऱ्यांची रांग. त्या रांगेकडे बघताना तिला गोड वाटायचं, आणि गोड वाटल्याचं लगेच कडू व्हायचं.

नवऱ्याला तिनं स्वेटरचं सांगितलं नाही, पण चेहऱ्यावरून त्याला वास लागलाच. “अगं, इतकं वाटतंय तर ठेवून घेऊ ना आपणच,” तो दाढी करता करता म्हणाला. “मेट्रन काय फासावर देणार आहे?”

“माझं काही म्हणणंच नाहीये.”

“मग आठवडाभर तोंड का असं?”

“असंच आहे माझं तोंड. लग्नाच्या आधी बघायचं होतंस.”

तो हसला, गालावरचा फेस हलला. त्याला वाटलं भांडण मिटलं. ती मात्र नळाखाली हात धरून तशीच उभी राहिली, कारण त्याच्या साध्या प्रश्नानं तिच्या हातात नको ते सापडलं होतं. ठेवून घेता आलं असतं. अडवणारं कुणी नव्हतं. आणि त्या दुपारपर्यंत तिच्या एकदाही मनात आलं नव्हतं ठेवून घ्यायचं. मांजर जाणार हे तिनं धरूनच ठेवलं होतं. तिच्या कल्पनेत ते जाताना मागे वळून बघायचं, नव्या घरात काही दिवस जेवायचं नाही, मेट्रन फोनवर सांगायची, ‘अगं, तुझी आठवण काढतंय गं.’ मांजर हवं होतं असं नाही. मांजराला दुसरं कुणी हवं असणं नको होतं. हे इतकं स्पष्ट, नागडं दिसलं की तिनं नळ मोठा केला.

हे पहिल्यांदाच होतं असंही नाही. खालच्या मजल्यावरच्या आजी बबडीला सकाळभर सांभाळायच्या, आणि परवाच नाक पुसताना बबडी म्हणाली होती, “तू जोरात पुसतेस. आजी हळू पुसते.” एवढंच. पण तेव्हापासून तिनं आजींना दोन-तीनदा उगाच ऐकवलं होतं, डबा वेळेवर देत जा म्हणून. त्याहून मागे गेलं तर ठकी. ठकी तिची मावसबहीण. मावशी आजारी पडली तेव्हा ठकी त्यांच्याकडे राहायला आली आणि शाळेची दोन वर्षं राहिली. काळीसावळी, कधी न रडणारी, आईनं हाक मारली की आधी पोहोचणारी. आई सकाळी ठकीचे केस विंचरायची. ठकीचे केस कुरळे, गुंता फार, म्हणून वेळ लागायचा. तिचे केस सरळ, फणी वरून खाली घसरली की काम संपायचं. दप्तर पाठीला लावून ती दारात उभी राहायची आणि आईच्या बोटांकडे बघायची, गुंत्याच्या मुळाशी धरून, दुखू नये म्हणून, हळूहळू सोडवणाऱ्या. आपल्या केसांत गुंता का होत नाही म्हणून ती एकदा उशीवर डोकं घासत बसली होती. मग मावशी बरी झाली, काका येऊन ठकीला घेऊन गेले, आणि दारात हात हलवणाऱ्या आईचा दुसरा हात तिनं दोन्ही हातांनी पकडून ठेवला.

गुरुवारी आईचा फोन आला तेव्हा कसं कोण जाणे, तिनं विचारलंच. “आई, ठकी गेली तेव्हा तुला वाईट वाटलं होतं का गं?”

“आज कुठून ठकी?” आईकडे काहीतरी उकळत होतं, झाकणाचा आवाज येत होता. “नाही बाई. तिची आई बरी झाली, वाईट कशाला वाटायचं?” मग झाकण थांबलं. “तुझा राग आला होता.”

“माझा?”

“तू नाचत होतीस घरभर. तिची गादी उचललीस, तिचा पेला फळीच्या मागे टाकलास. मला वाटलं, हिला दोन द्याव्यात ठेवून. चार दिवस मी तुझ्याशी धड बोलले नव्हते. तुला आठवत नसेल.”

तिला आठवत नव्हतं. तिला आठवत होतं ते आपण जिंकल्याचं. आई परत आपली झाल्याचं. फोन ठेवल्यावर बराच वेळ ती ते चार दिवस शोधत राहिली, कुठे ठेवले होते ते. आईच्या तेव्हाच्या चेहऱ्याच्या जागी नुसती एक पाठ सापडत होती, ओट्याकडे तोंड केलेली.

शुक्रवारी दुपारी बबडी झोपली आणि तिनं खुर्चीवर चढून पिशवी काढली. गाठ सुटेना म्हणून दातांनी फाडली. दवाखान्याचा वास येईल असं तिला वाटलं होतं, तो लवंगेच्या तेलाचा, भीतीचा. तसं काहीच नव्हतं. इस्त्रीचा, बामाचा, डोक्याच्या तेलाचा वास होता. एकट्या राहणाऱ्या, संध्याकाळी खांदे दुखणाऱ्या एखाद्या बाईचा. तिनं स्वेटर गादीवर टाकायला म्हणून उचलला, आणि टाकायच्या ऐवजी डोक्यातून घातला. बाह्या बोटांपर्यंत आल्या. मग ती दातवाली बसली होती त्या जागी बसली. दातवालीसारखीच, पावलं जमिनीला टेकून, गुडघे थोडे फाकवून. समोरच्या भिंतीकडे बघत राहिली. स्वतःचंच हसू येत होतं आणि हसवत नव्हतं.

मांजर आलं. सतरंजीच्या कडेशी थांबलं, नाक उचललं, आणि चढलं. इतकं जड असेल असं तिला कधी वाटलं नव्हतं. इतके महिने तिनं मनात जे वजन धरलं होतं ते फार हलकं होतं. चार पायांचे चार दाब मांडीत रुतले, मग ते सगळे मिळून एक झाले. घुरघुर सुरू झाली आणि ती तिच्या हाडांतून वर चढली. मिळालं होतं. हेच तर हवं होतं. आणि ती तिथे बसून, दुसऱ्याच्या नावावर आलेलं पार्सल सही करून घ्यावं तशी, श्वास चोरून, आजूबाजूला बघत होती. मांडी तिची, मुंग्या येत होत्या त्या तिच्या, आणि तरी या सगळ्यात ती कुठेच नव्हती. तिनं हळूच म्हटलं, “अगं, मी आहे.” मांजराचा कान तिच्या आवाजाकडे वळला. वळला आणि तसाच राहिला. एकीकडे वास, दुसरीकडे आवाज, आणि मध्ये तो एवढासा कान, काही ठरवता न आल्यासारखा थरथरत.

“आई?” बबडी डोळे चोळत दारात उभी होती. झोपेतून उठली की ती सरळ येऊन पोटात तोंड खुपसायची. तशीच आली, खुपसलं, आणि झटक्यात मागे झाली. “हे कुणाचं?”

“काकूंचं, राणी. हळू बोल, म्याऊ बसलंय.”

“काढ.”

“काढते. जरा थांब.”

“काढ ना!” बबडीचा ओठ फुटायला आला. ती स्वेटरची बाही दोन्ही मुठींनी ओढू लागली. “हा वास नको. तुझा वास घाल!”

मांजर उडी मारून उतरलं. तिनं स्वेटर काढला, केस विस्कटले, घामेजलेल्या अंगावर गार हवा आली, आणि बबडी तिच्या गळ्याशी येऊन इतक्या जोरात श्वास घेऊ लागली की तिला गुदगुल्या झाल्या. पोरीला घट्ट धरून तिनं खाली बघितलं. मांजर जमिनीवर पडलेल्या स्वेटरवर पंजे रोवत, मळत होतं. दोघांनाही आपापलं काय ते अचूक ठाऊक होतं. रडावं की नाही हे ठरेना, म्हणून तिनं बबडीचं नाक पुसलं. हळू पुसलं.

शनिवारी बबडीला नवऱ्यावर सोपवून ती टोपली घेऊन निघाली. टोपलीत मांजर होतं, त्याच्याखाली तो स्वेटर. टोपली रिकामी परत आणायची की भरलेली, हे तिला कुणी विचारलं असतं तर तिनं रस्त्यातल्या दुकानांकडे बोट दाखवून विषय बदलला असता. शब्द शेवटचा तिचा होता. घर लहान आहे म्हणता आलं असतं. गॅलरीला जाळी नाही म्हणता आलं असतं.

जाळी होती. नवी, अजून तारांची टोकं न वळवलेली. घर लहान होतं, पण खिडकीपाशी स्टूल आणि स्टुलावर उशी. वाडग्यांवर किमतीची चिठ्ठी तशीच. दातवालीनं केस धुतले होते, कुठल्या समारंभाला जायचं असल्यासारखे. “या, या. आज दवाखान्यात सुट्टी टाकली मी. डॉक्टर म्हणाले, मांजरासाठी? मी म्हटलं, तुमच्या कवळीवाल्या काकांपेक्षा बरं.” टोपलीचं दार उघडलं. मांजर बाणासारखं सुटलं आणि सोफ्याखाली, भिंतीच्या कोपऱ्यात जाऊन गोळा झालं.

दातवाली गुडघ्यांवर हात ठेवत, कण्हत खाली बसली आणि सोफ्याखाली वाकून बोलू लागली. “लवंगे, ये गं. घाबरायचं नाही हं. दोन मिनिटांचं काम आहे, काही दुखणार नाही.” आतून फुत्कार आला. दातवालीनं हात पुढे केला आणि झटकन मागे घेतला. बोटावर लाल रेघ उमटली. ती रेघेकडे बघत राहिली. मोठा चेहरा एकदम लहान झाला. “मला ओळखतच नाहीये हो ही. आठवडाभर झोपली ना माझ्या स्वेटरवर? मग असं कसं?”

इथे ती बोलली नसती तरी चाललं असतं. तिच्या आत काहीतरी सुखानं पाय पसरून बसलं होतं. इतकं सुख तिला त्या आठवड्यात कशानंच झालं नव्हतं. दारातली टोपली दोन पावलांवर होती. ‘नाही जमणार बहुतेक’ एवढे तीन शब्द. दातवालीनं ते ऐकले असते, मान डोलवली असती, वाडगेसुद्धा देऊन टाकले असते बरोबर. तिनं दातवालीकडे बघितलं. ती बाई रक्त चोखत नव्हती, पुसत नव्हती, नुसती बसली होती, ओट्याकडे नव्हे तर सोफ्याकडे तोंड करून.

“नाही झोपली,” ती म्हणाली. “मी स्वेटर टाकलाच नव्हता. कालपर्यंत कपाटावर ठेवला होता.”

“का बरं?”

“तुम्हाला इतक्या पटकन मिळू नये म्हणून.”

दातवालीनं तिच्याकडे बघितलं. रागावेल असं वाटलं, ती तयारही होती. “तरीच,” दातवाली सावकाश म्हणाली. “रोजचं ते ‘हो’ फार आखूड होतं हो तुमचं. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय.” आणि मग, आवाज एकदम उतरवून, “बसा ना जरा. तुम्ही गेलात तर मी आणि ती, दोघी घाबरू.”

तिनं पर्स जमिनीवर ठेवली आणि सोफ्यापासून हातभर अंतरावर आडवी झाली, कुशीवर, मांजराकडे पाठ करून. “अशा झोपा,” ती म्हणाली. “माझ्या समोर. नाही, हात पुढे नको, अंगाशी घ्या. बघायचं नाही. बोलावायचं तर मुळीच नाही. वाटलं तर लिफ्टचं सांगा.” दातवाली अवघडत आडवी झाली. दोघी एकमेकींसमोर, जमिनीवर, खेळता खेळता झोपून गेलेल्या पोरींसारख्या. इतक्या जवळून दातवालीच्या कपाळावर बारीक तीळ दिसत होते. लिफ्टचं सांगून झालं, मग डॉक्टरांचं, मग कुणाच्या तरी अक्कलदाढेचं. आवाज आपोआप हळू होत गेला. मग मागे, पाठीशी, फरशीवर नखांचा आवाज झाला.

तिच्या मानेवर मिशा टेकल्या. केसांत गरम श्वास आला, हुंगला, थांबला. तिचं सगळं अंग कान झालं. ती वळली असती, नुसता हात मागे नेला असता, तरी पुरलं असतं. हा वास मांजराच्या ओळखीचा होता, फरशीवरचा, अंड्याचा, त्या सगळ्या बोलण्याचा. ती समोरच्या तिळांकडे बघत राहिली. मिशा निघून गेल्या. नखं तिच्या डोक्याला वळसा घालून पुढे गेली, आणि दातवालीचे डोळे मोठे झाले.

“पोटाशी आली,” दातवाली ओठ न हलवता म्हणाली. “हलू का?”

“नका हलू.”

“किती वेळ?”

“ती उठेपर्यंत.”

दातवालीच्या कुशीत मांजरानं अंगाचं वेटोळं केलं आणि डोळे मिटले. ती हेव्यानं बघत होती. हेवा जराही कमी झाला नव्हता. घशापर्यंत भरलेला होता, जसाच्या तसा, आणि त्याच्यासकट ती तिथे पडून होती, कारण आपण उठलो तर ते दचकणार हे तिच्याइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हतं. खांद्याखालची फरशी टोचत होती. इतक्यात पर्समध्ये फोन घुमू लागला. मेट्रन. तिला शब्द हवा होता. शब्द ठरला होता, पण सांगायचा तर बोलावं लागलं असतं. मांजराचा एक डोळा किलकिला झाला. तिनं हात फरशीवरून जेमतेम सरकवत नेला, पर्सवर ठेवला, आणि तो आवाज तळव्याखाली दाबून धरला, थांबेपर्यंत.